आज नोंद नाही

३ फेब्रुवारी

ही जाऊन आज एकशे पंधरा दिवस झाले. ज्यांना ही वार्ता ठाऊक नाही त्यांची पत्रे हिच्या संगणकावर अद्याप येतात. आज आलेले पत्र मात्र कामाचे होते. ज्या कंपनीच्या यंत्रावर हिचे नदीचे संकेतस्थळ ठेवलेले आहे, ती कंपनी ते जुने यंत्र ३१ मार्च रोजी बंद करणार आहे. तत्पूर्वी सर्व सामग्री नव्या यंत्रावर हलवावी. न हलविल्यास ती कायमची पुसली जाईल, असे नमूद केले आहे. पत्राचा मसुदा सदोष होता, पण आशय स्पष्ट होता.

संकेतस्थळाचे नाव ‘नदीची हजेरी’. अठ्ठावीस वर्षे शाळेत गणित शिकविलेल्या बाईस दुसरे नाव सुचले नसते. निवृत्तीनंतर अकरा वर्षे ही रोज सकाळी सात वाजता जुन्या पुलाच्या अठ्ठावन्न पायऱ्या उतरून खाली जात असे, दगडी खांबावर रंगविलेल्या मापावरून पाण्याची उंची वाचत असे आणि फोनवरून तो आकडा पाठवीत असे. नदीकाठचे दोन-अडीचशे लोक तो पाहून आपापली कामे ठरवीत. आता त्या पानावर रोज ‘आज नोंद नाही’ एवढेच दिसते.

लेकीस फोन केला. ती दूरच्या शहरात आकडेवारीचेच काम करते.

“बाबा, मी करून देते. पासवर्ड पाठवा.”

“नको. मी करीन.”

“तुम्हाला पायथन येतं?”

“येत नाही. शिकेन.”

“आईपण असंच म्हणाली होती. तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय?”

आठवत नाही, असे मी सांगितले. वास्तविक आठवते. “पायथन शिकायचं म्हणते. मान्य?” असे हिने विचारले होते. महाविद्यालयाच्या कार्यालयात एकतीस वर्षे प्रत्येक कागद माझ्यापुढे मान्यतेसाठी येई. ते हिला ठाऊक असल्याने घरातला प्रत्येक प्रस्ताव ही त्याच शब्दाने संपवीत असे. मी म्हणालो होतो, “विचार करू.” त्यावर ही म्हणाली, “तुमचा विचार व्हायच्या आत माझं शिकूनसुद्धा होईल, अहो.” आणि तसेच झाले.

५ फेब्रुवारी

पहिला धडा. पायथन ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा. ती मला तत्काळ आवडली. प्रत्येक पोटओळ समास सोडून, नेमक्या चार जागा आत लिहावी लागते. एक जागा कमी-अधिक झाली तर पायथन काम करण्यास सरळ नकार देते. माझ्या हाताखाली असे किती लिपिक होते, याचा विचार करीत बसलो. एकही नव्हता.

हिची खुर्ची मला उंच पडते. तिची उंची बदलण्याचा खटका सापडला, परंतु बदलली नाही. पाठीस उशी घेतली.

९ फेब्रुवारी

हिने पायथनमध्ये लिहिलेला कार्यक्रम, म्हणजे लेक ज्यास प्रोग्राम म्हणते तो, आज प्रथमच वाचला. अकरा वर्षे तो भिंतीपलीकडच्या खोलीत लिहिला जात होता.

काही ओळींच्या आरंभी जाळीसारखे एक चिन्ह आहे. अशी ओळ पायथन वाचत नाही, ओलांडून पुढे जाते; ती केवळ माणसांसाठी असते. हिने या ओळी मराठीत लिहिल्या आहेत. एके ठिकाणी लिहिले आहे: “‘पाणीपातळी’ हा शब्द यांना विचारून घेतला. बरोबर आहे म्हणे.” दुसऱ्या ठिकाणी: “हे असं का चालतं ते मला कळलेलं नाही, पण चालतंय. हात लावू नये.” आणखी एके ठिकाणी: “रिकामे ते रिकामेच ठेवावे. अंदाज लिहू नये.”

शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. त्याविषयी पुढे पाहू. यंत्र जे वाचत नाही ते यंत्रात लिहिण्यात वेळ का घालवावा, हेही मला समजले नाही.

१७ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात जे शिकलो ते नोंदवून ठेवतो, कारण स्मरणशक्तीवर विसंबणे हा निष्काळजीपणाचा सभ्य प्रकार आहे.

प्रत्येक कामास स्वतंत्र खोली द्यावी. एका कामासाठी आणलेले साहित्य दुसऱ्या कामाच्या साहित्यात मिसळले की दोन्ही बिघडतात. पायथनमध्ये अशी बंद खोली एका आज्ञेत तयार होते, आणि तीत काय काय आणले त्याची यादी एका फायलीत ठेवता येते. म्हणजे नव्या यंत्रावर तीच खोली जशीच्या तशी उभी राहते. हिने अशी यादी ठेवलेली होती. त्यामुळे माझे निम्मे काम वाचले.

पासवर्ड कार्यक्रमाच्या मजकुरात लिहू नये. वेगळ्या फायलीत ठेवावा व ती कोणास देऊ नये.

कार्यक्रम अडला की पडदाभर लाल मजकूर येतो. तो पाहून घाबरू नये. शेवटची ओळ प्रथम वाचावी. खरी तक्रार तेथे असते. वरचे सर्व, तक्रार कोणत्या वाटेने आली त्याचा वृत्तान्त असतो.

याच संदर्भात आज लेकीकडून बोलणी खाल्ली. एक चूक काही केल्या सुटेना, तेव्हा मी ‘चूक झाल्यास दुर्लक्ष करावे’ अशा अर्थाची एक ओळ घातली. पान लगेच दिसू लागले. मी कौतुकाने तिला दाखवले.

“बाबा! हे काय केलंत?”

“तक्रार बंद झाली.”

“तक्रार बंद झाली, चूक कुठे गेली? ती आत तशीच आहे. चूक गिळायची नाही. ओरडली तर ओरडू द्यायची. गप्प बसणारा प्रोग्राम सगळ्यात वाईट, कधी कोसळेल सांगता येत नाही.”

ओळ काढून टाकली. लेकीचा स्वर अगदी हिच्यासारखा होता. मात्र ही माझ्याशी त्या स्वरात कधी बोलली नाही. हिची कशाविषयी तक्रारच नसे. आजारही अवघा पाच आठवड्यांचा. दम लागतो म्हणून सहा सप्टेंबरला रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “किती दिवसांपासून?” मी उत्तर दिले, “आठ दिवस.” ही शेजारीच होती. हिने दुरुस्ती केली नाही. त्यापूर्वी प्रकृती उत्तम होती.

२ मार्च

आज मुख्य काम झाले. नोंदींची फाईल उघडली. अकरा वर्षांच्या सगळ्या तारखा अनुक्रमे मांडल्या. आलेख काढला तर रेघ ठिकठिकाणी तुटलेली. यंत्रास विचारले, रिकामे रकाने किती? उत्तर आले, दोनशे बावीस.

आमच्या कार्यालयाचा पहिला नियम होता: रकाना रिकामा सोडू नये. रिकामा रकाना म्हणजे कोणी तरी काम अर्धवट टाकून चहास गेला आहे. एकतीस वर्षांत माझ्या नोंदवहीत एक रकाना रिकामा सापडला असेल तर दाखवावा, असे मी निरोपसमारंभातही म्हणालो होतो. लोक हसले होते. ती थट्टा नव्हती.

तक्त्यांच्या कामासाठी पायथनला पांडाज नावाचे साहित्य जोडतात. त्यात रिकाम्या जागा भरण्याची आज्ञा आहे. प्रत्येक रिकाम्या दिवशी त्या-त्या महिन्याची अकरा वर्षांची सरासरी भरावी, असे मी ठरविले. एक ओळ लिहिली. डोळ्याचे पाते लवण्याआधी दोनशे बावीस रकाने भरले. सरासरीत दशांशचिन्हापुढे सहा-सहा अंक आले. हिचे आकडे पूर्ण सेंटीमीटरमध्ये आहेत. त्यांच्या पंक्तीस ते शोभेनात. म्हणून तेही पूर्णांक केले. आता कोणता आकडा हिचा व कोणता माझा, हे ओळखता येणार नाही. काम असे बेमालूम व्हावे. फाईल त्याच नावाने जतन केली.

यापुढेही ज्या दिवशी नोंद येणार नाही त्या दिवशी सरासरी आपोआप दिसेल, अशी व्यवस्था करून ठेवली. ‘आज नोंद नाही’ हे वाक्य आता कोणास वाचावे लागणार नाही.

आलेखाची रेघ आरंभापासून आजपर्यंत अखंड आहे. संध्याकाळी बराच वेळ ती पाहत बसलो. कशासाठी, ते सांगता येणार नाही.

२२ मार्च

नव्या यंत्रावर सर्व नीट उभे राहिले. मराठी अक्षरांच्या जागी दोन दिवस प्रश्नचिन्हे उमटत होती. फाईल उघडताना अक्षरांची पद्धत स्पष्ट सांगावी लागते, गृहीत धरू नये.

लेकीने विचारले, “मूळ फाईल आहे ना बाबा?”

“आहे. जुन्या यंत्रावर.”

“उतरवून घ्या.”

होकार दिला. परंतु सुधारलेली प्रत हाताशी असताना सदोष प्रत जपून ठेवण्याचे प्रयोजन मला दिसले नाही.

३१ मार्च

जुने यंत्र दुपारी चार वाजता बंद झाले. नवे पान चालू आहे. आजचा आकडा: १५२.

लेक म्हणाली, “शाबास, हेडक्लार्क!” मला त्या नावाने एकच व्यक्ती हाक मारीत असे. लेकीच्याही ते लक्षात आले असावे. तिने लगेच जेवणाचे विचारले.

७ एप्रिल

आज अक्षर बिघडले आहे.

सकाळी आठ वाजता रोपवाटिकावाल्यांचा फोन आला. नदीकाठी त्यांचे वाफे आहेत. हिच्याकडे ते अनेकदा फोन करीत. माझ्याशी मात्र सांत्वनाच्या दिवशीच काय ते बोलले होते.

“साहेब, एक विचारू? हल्ली खाली कोण उतरतं?”

“खाली म्हणजे?”

“पुलाखाली. पाणी बघायला. तुमच्या साइटवर एकशे चाळीस दाखवतंय. मी आत्ता खांबापुढं उभा आहे. दोनशे सहा आहे.”

मी सांगितले की तो आकडा सरासरीने काढलेला आहे.

“म्हणजे कुणी बघितलेलं नाही?”

“नाही. परंतु सांख्यिकीच्या दृष्टीने—”

“साहेब, माझे दोन वाफे गेले. टोमॅटोची तयार रोपं. वरच्या धरणातनं रात्री पाणी सोडलं. सहा-सात महिने तुमचं पान ‘आज नोंद नाही’ म्हणत होतं, तेव्हा मी रोज स्वतः येऊन बघत होतो. पहिल्या तारखेपासनं आकडा दिसायला लागला. म्हटलं, बरं झालं, बाईंचं काम कुणीतरी हातात घेतलं. आणि झोपलो निवांत.”

नुकसान भरून देईन, असे मी म्हणालो.

“भरून देण्याचं सोडा हो. भरायची घाईच नडली ना? बाई असं कधी करायच्या नाहीत. दोन वर्षांमागं एकोणीस ऑगस्टला आठवतंय? पूर आला होता. त्या दिवशी बाईंचा रकाना रिकामा होता. म्हटलं, ही बाई कधी चुकत नाही, काहीतरी गडबड आहे. म्हणून सगळी रोपं उचलून वर नेली. रिकाम्या रकान्यानं वाचवलं मला. नंतर फोन केला तर म्हणाल्या, अहो, मी बाहेरगावी आहे.”

फोन ठेवल्यावर फाईल उघडली. १९ ऑगस्टपुढे २३१ हा आकडा होता. तो माझा होता. त्या दिवशी नदी चार मीटरवर होती.

दुसरी गोष्ट बराच वेळ कळली नाही, आणि कळल्यावर मी उठून पाणी प्यायलो. त्या वर्षी ऑगस्टात ही कोठेही बाहेरगावी गेली नव्हती.

त्याच दिवशी, नंतर

लेकीस सर्व सांगितले. तिने तेथूनच फाईल उघडली. बराच वेळ कळफलकाचा आवाज येत होता.

“बाबा, अकरा वर्षांत एकही दिवस रिकामा नाही?”

“दोनशे बावीस होते. मी भरले.”

“कुठले कुठले होते ते बघितलं होतंत?”

“संख्या पाहिली होती.”

“आणि हे नोव्हेंबर, डिसेंबर... बाबा, आई ऑक्टोबरात गेली. इथे ती अजून पाणी मोजतेय.”

मी माझ्या पडद्यावर नोव्हेंबर उघडला.

“जुनी फाईल?”

“उतरवून घेतली नव्हती.”

मला वाटले ती रागावेल. ती हलक्या आवाजात म्हणाली, “मला एक सांगा. तुमच्या कॉलेजात परीक्षेला न आलेल्या मुलाला तुम्ही वर्गाची सरासरी द्यायचात का हो?”

अशा लिपिकास मी त्याच दिवशी घरी पाठविले असते. गैरहजर विद्यार्थ्यापुढे ‘गैरहजर’ असे लिहितात. हे मला एकतीस वर्षे ठाऊक होते.

८ एप्रिल

प्रथम आपोआप सरासरी दाखविणारी ओळ काढली. पान पुन्हा ‘आज नोंद नाही’ असे म्हणू लागले.

सहा सप्टेंबरपासून दोन मार्चपर्यंतचे रकाने रिकामे केले. त्या तारखा मला पाठ आहेत. असे एकशे अठ्ठ्याहत्तर. आरंभीच्या वर्षांतील तीनही सापडले: लेकीचे लग्न, हिच्या आईचे निधन आणि मी घसरून पाय मोडला तो दिवस. मला रुग्णालयात नेण्यासाठी ही त्या दिवशी पुलावर गेली नव्हती.

दोनशे बाविसांतून एकशे एक्याऐंशी वजा केले. एक्केचाळीस उरले. ते कोठे आहेत, मला ठाऊक नाही.

१२ एप्रिल

रोपवाटिकावाल्यांकडे क्षमा मागण्यास गेलो. त्यांनी उलट्या बादलीवर वर्तमानपत्र पसरून मला बसविले.

“माफी नका मागू, साहेब. तुमच्यासारख्या माणसानं माफी मागितली की आमचीच चूक झाल्यासारखं वाटतं.”

मी एक्केचाळीस दिवसांचे सांगितले. ते उठले आणि शेडच्या मागच्या भिंतीवरून दिनदर्शिका काढून आणल्या. चालू वर्षाची, गेल्या वर्षाची आणि त्याआधीची. एकाच खिळ्यावर एकीवर एक टांगलेल्या. शेडमध्ये फोनला रेंज नसते, म्हणून सकाळी घरून निघताना पाहिलेला आकडा ते येथे तारखेखाली लिहून ठेवत. त्याआधीच्या दिनदर्शिका वाळवीने खाल्ल्या.

“आणि हे गोल?” मी विचारले.

“ते बाईंची सुट्टी. नोंद नसली की मी गोल काढायचो. आमच्या घरात म्हणायची पद्धतच पडली होती, आज बाईंनी दांडी मारली.” ते हसले. मग हसू थांबवून म्हणाले, “आधी कधीतरी एखादा असायचा. मग वाढत गेले. तुम्हाला तर माहीतच असेल, दम लागायचा त्यांना. वर चढताना तिसाव्या पायरीवर बसायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, साहेबांना पाठवा की. तर म्हणाल्या, त्यांना आकडा दिसेल, पाणी दिसायचं नाही.”

“केव्हाची ही गोष्ट?”

“झाली की दोन वर्षं.”

मला तर माहीतच असेल, या त्यांच्या वाक्यास मी हरकत घेतली नाही.

सहा सप्टेंबरच्या आधीचे गोल मोजून लिहून घेतले. एक्केचाळीस. पहिला, दोन वर्षांमागचा ६ मार्च. नंतर तीन आठवड्यांनी एक. मग पंधरा दिवसांनी. गेल्या जुलैत सहा. ऑगस्टात नऊ.

१३ एप्रिल

माझ्या दैनंदिन्या कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. त्या दोन वर्षांच्या काढल्या आणि एक्केचाळीस तारखा एकेक करून पाहिल्या.

६ मार्च: “हिला आज पुलावर जाण्याचा कंटाळा आला. ‘पायऱ्या उतरवत नाहीत हो’ असे म्हणाली. सक्ती कोणी केली आहे, असे मी म्हणालो. बाकी विशेष नाही.”

१९ ऑगस्ट: “दिवस नेहमीसारखा. हिने दुपारी बराच वेळ झोप घेतली. चहास पंचवीस मिनिटे उशीर.”

इतर एकोणतीस दिवशी ‘विशेष काही नाही’ एवढेच आहे. उरलेल्या दहा दिवशी काहीच लिहिलेले नाही. नोंदविण्याजोगे घडले नाही असे मी समजलो असणार.

एकूण एक्केचाळीस. बेरीज जुळते.

पहिल्या दिवशी हिने मला सांगितले होते. हिने सांगितले नाही, हिने गिळले, असे मी कालपासून मनात म्हणत होतो, आणि त्यात मला थोडे बरेही वाटत होते. परंतु तसे नाही. हिने सांगितले होते. हिचे वाक्य माझ्याच अक्षरात, अवतरणचिन्हांसह माझ्यापुढे आहे. त्याच्या आधी ‘कंटाळा’ हा शब्द आहे. तो हिचा नाही. तो मी भरला.

‘आठ दिवस’ हेही मीच भरले. डॉक्टरांनी प्रश्न हिला विचारला होता.

१४ एप्रिल

लेकीस दोन्ही याद्या वाचून दाखविल्या. गोलांची आणि दैनंदिनीची. ती रडली. मग म्हणाली, “मलाही नव्हतं सांगितलं तिने. मी दर रविवारी फोन करायचे. ‘मजेत आहे’ म्हणायची. मीपण तेच लिहून घेत होते, बाबा.”

“तू लांब होतीस.”

“आणि तुम्ही?”

मी भिंतीअलीकडे होतो. तसे सांगितले.

ती म्हणाली, “चला. एक्केचाळीस तारखा द्या, मी रिकामे करते.”

“नको. मी करीन.”

या वेळी तिने पायथन येते का असे विचारले नाही. “आधी प्रत काढा,” एवढेच म्हणाली.

१५ एप्रिल

आधी प्रत काढली. तीवर दिनांक घातला. मूळ फायलीवर थेट काम करू नये, हा नियम मी आता कोणालाही सांगू शकेन. मात्र कोठे शिकलो, ते विचारू नये.

एक्केचाळीस तारखांची यादी हाताने लिहिली. यंत्राने एका क्षणात केले असते, पण मी प्रत्येक तारीख दोनदा ताडून एकेक लिहिली. सकाळी दहास बसलो, तो दुपारचे दोन झाले. नंतर तीन ओळींचा कार्यक्रम: यादीतील प्रत्येक दिवसासाठी, त्या दिवसाचा रकाना रिकामा करावा. चालविला. रिकामे रकाने किती, असे पुन्हा विचारले. दोन मार्चनंतर आजपर्यंतचेही रिकामे दिवस मिळविता उत्तर बरोबर आले.

आलेख काढला. रेघ पहिल्या नऊ वर्षांत तीनदा तुटते. मग एक तुकडा पडतो. मग पुन्हा एक. पुढे तुकडे लहान-लहान होत जातात आणि सप्टेंबरात रेघ थांबते. हिच्या प्रकृतीचा एवढा स्पष्ट अहवाल कोणत्याही डॉक्टरांकडे नव्हता. तो दोन वर्षे सर्वांना पाहता येईल असा उघडा होता. पानाचा पत्ता मला पाठ होता. मी ते पान कधी उघडले नव्हते.

१६ एप्रिल

सकाळी पावणेसातास पुलावर गेलो. अठ्ठावन्न पायऱ्या उतरलो. खांबावरचे माप शेवाळाने थोडे झाकले आहे. वाकून, हाताने पुसून वाचावे लागते. १६४. पुन्हा वाचले. १६४. फोनवरून पाठविले.

पाण्याकडेही पाहिले. गढूळ होते, एक फांदी वाहत चालली होती. अधिक काय पाहावयाचे असते ते मला अद्याप समजत नाही. रोज पाहिल्यास समजेल.

वर येताना तिसाव्या पायरीवर बसलो. मला दम लागला नव्हता. पायरीची कड तेवढ्याच जागी गुळगुळीत आहे.

घरी येऊन पान उघडले. आजच्या तारखेपुढे १६४, आणि कालच्यापुढे ‘आज नोंद नाही’. रोपवाटिकावाल्यांचा निरोप आला होता: “एकशे चौसष्ट बरोबर. मीपण बघून आलो. उद्यापासनं तुमच्यावर सोडू का?” सोडावे, असे कळविले, आणि ज्या दिवशी मला जमणार नाही त्या दिवशी रकाना रिकामा दिसेल, हेही कळविले.

त्यानंतर हिचा कार्यक्रम उघडला. ती ओळ शोधली: “रिकामे ते रिकामेच ठेवावे. अंदाज लिहू नये.” तिच्याखाली समास सांभाळून, चार जागा आत, तेच चिन्ह घातले आणि पुढे एक शब्द लिहिला. खाली आद्याक्षरे व दिनांक, कार्यालयात घालीत असे तसा.

मान्य.

कार्यक्रम पुन्हा चालविला. काही फरक पडला नाही. ती ओळ यंत्र वाचत नाही.